राहिलेल्यांची सांगली

(व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर. छपाईसाठी वक्त्यानं तो स्वतः तपासला असून बोलण्याच्या ओघातल्या काही पुनरुक्ती गाळल्या आहेत.)



सांगलीविषयी बोलायला उभा राहिलेला माणूस आधी नावं घेतो. आपल्याकडची ती रीतच आहे, तेव्हा मीही घेतो आणि मोकळा होतो. विष्णुदास भावे. हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर. वि. स. खांडेकर. क्रिकेटमधले विजय हजारे. आशा भोसले. ही सगळी आपली माणसं. आता हीच यादी जरा पुढे वाचू. खाडिलकर 'केसरी'त गेले, पुढे मुंबईत त्यांनी 'नवाकाळ' काढला. खांडेकर शिरोड्याला गेले, तिथून कोल्हापूरला. हजाऱ्यांचं क्रिकेट बडोद्याचं, आशाबाईंचं गाणं मुंबईचं. जन्म आपल्या खात्यावर जमा, कर्तृत्व दुसऱ्या गावच्या.

खुद्द भाव्यांचं बघा. १८४३ साली सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धनांच्या आश्रयानं इथे 'सीतास्वयंवर' उभं राहिलं. मराठी रंगभूमी आपली जन्मतारीख तिथून धरते. १८५१ साली अप्पासाहेब गेले, आश्रय आटला, आणि १८५३ साली भाव्यांची मंडळी मुंबईत खेळ करत होती. 'इथे राहून काही होत नाही, बाहेर पडलं पाहिजे' हे वाक्य आपल्या घराघरांत दहावीच्या निकालानंतर ऐकू येतं. ते हिंजवडीच्या कंपन्यांमुळे आलेलं नाही. कंपन्यांच्या दीडशे वर्षं आधीपासून ते इथे आहे.

गाव आपला मोठेपणा गेलेल्यांवरून मोजतं, ही माझी तक्रार नाही. जाणाऱ्यांनी जावंच. पण ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते सर या यादीत नाहीत आणि कधी येणारही नाहीत, कारण ते राहिले. म्हणून आज मी राहिलेल्यांविषयी बोलणार आहे. इथे राहणं कशाचं बनलेलं असतं, त्यात काय मिळतं, काय द्यावं लागतं आणि ते कुणाला परवडतं.

सरांचं काम काय होतं, हे इथे बसलेल्यांपैकी प्रत्येक जण वेगळं सांगेल. निम्मे लोक म्हणतील, गणिताचे शिक्षक. काही जण म्हणतील, वाचनालयाचे खजिनदार. हौशी नाटकवाले म्हणतील, राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमीत पुस्तक धरून बसायचे ते. गावभागातले जुने लोक म्हणतील, पुराचं पाणी चढायला लागलं की सायकलवरून घराघरांत सांगत फिरायचे ते. सगळं खरं आहे. एकाच माणसाला चार-पाच कामं, आणि पगार त्यातल्या एकाचाच. सरांचा जाचही तितकाच होता. भर मारुती चौकात थांबवून, आजूबाजूला माणसं असताना, 'सहामाहीत गणितात किती?' असं विचारायचे. आकडा आपल्या तोंडून ऐकल्याशिवाय सायकलवरून पाय उचलत नसत.

सर तेवढे असे होते असं नाही. लहान शहर चालतं तेच अशा माणसांवर. आणि मला वाटतं, लहान आणि मोठ्या शहरातला खरा फरक इथे आहे, लोकसंख्येत नाही. लोकसंख्या म्हणाल तर २०११ च्या जनगणनेत आपल्या महापालिकेची पाच लाखांच्या थोडी वर भरली. सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून. (मिरजेहून आलेल्या श्रोत्यांची क्षमा मागून. १९९८ साली महापालिका एक झाली, तरी मिरजकराला सांगलीकर म्हणायची सोय अजून झालेली नाही. ज्या गावात १८९४ साली वानलेस हॉस्पिटल उभं राहिलं, अब्दुल करीम खाँसाहेब ज्या गावात विसावले आणि जिथले तंबोरे देशभर जातात, त्या गावानं दुसऱ्याचं नाव का लावावं?) पाच लाख माणसं म्हणजे काही खेडं नव्हे. पण या पाच लाखांत एक माणूस तुम्हाला एकाच नात्यानं भेटत नाही.

पुण्यात तुमची बँकेतल्या कॅशियरशी बाचाबाची झाली, तर ती तिथेच संपते. तो माणूस पुन्हा जन्मात दिसत नाही. इथे माझ्या माहितीतले एक कॅशियर आहेत. ते हौशी नाटकाची प्रकाशयोजना करतात, त्यांची बायको माझ्या भाचीला शिकवायची, आणि गणेशोत्सवात आमच्या गल्लीच्या मंडळाच्या वर्गणीची पावतीपुस्तकं त्यांच्याकडे असतात. काउंटरवर मी आवाज चढवला तर तो चार ठिकाणी ऐकू जाणार. त्यांनी मला उगीच खेटे घालायला लावले तर तेही चार ठिकाणी जाणार. म्हणून दोघंही जरा सांभाळून बोलतो. इथल्या माणसांचा स्वभाव गोड असतो वगैरे जे म्हणतात ते मला पटत नाही. स्वभाव सगळीकडे सारखेच. इथे भांडण परवडत नाही, एवढंच. आणि भांडलंच, तर ते मिटवावं लागतं. कारण त्याच आठवड्यात कुणाच्या तरी बारशाला किंवा बाराव्याला शेजारी बसायचं असतं.

यातून जे मिळतं ते पैशांत मोजता येत नाही. गणपती पेठेतला दुकानदार तुमच्या नावानं वही ठेवतो. डॉक्टरला तुमच्या आजीची साखर किती असायची हे ठाऊक असतं, म्हणून तो तुमचीही तपासायला सांगतो. तुम्ही कर्नाटकातून रात्री दोनला उतरलात आणि स्टेशनवर उभ्या रिक्षावाल्याला नुसतं घराण्याचं आडनाव सांगितलं, तरी तो दाराशी आणून सोडतो. अंतरंही माणसाला पेलतील अशी आहेत. विश्रामबागेहून गावात यायला मोटरसायकलनं पंधरा-वीस मिनिटं. सांगली-मिरज वडापच्या गाड्या सकाळपासून रात्रीपर्यंत चालू. दुपारी एक ते चार पेठेतली बरीच शटरं खाली असतात, मालक घरी जेवून वामकुक्षी करून येतो. बाहेरून आलेल्याला हा आळस वाटतो. पण वाचलेला वेळ इथे कुणी साठवून ठेवत नाही. तो चौकात उभं राहण्यात जातो, आणि गावातली निम्मी कामं त्या उभं राहण्यातच होतात. मुलाचं ॲडमिशन, मुलीचं स्थळ, बोअरचा मेकॅनिक, वाचनालयाच्या दुरुस्तीची देणगी. अर्ज त्यानंतर.

आता दुसरी बाजू. व्याख्यानमालेत गावाचं कौतुक करून खाली बसणं सोपं असतं, आणि सरांना ते आवडलं नसतं.

चार नात्यांनी ओळखलं जाणं हे सुख कुणाचं? ज्याला ती चार नाती आधीपासून मिळालेली आहेत त्याचं. 'कुणाचा रे तू?' हा प्रश्न मला लहानपणी शंभरदा विचारला गेला आणि प्रत्येक वेळी उत्तर दिल्यावर समोरच्याचा चेहरा सैल झाला. म्हणून मला तो प्रश्न प्रेमाचा वाटत आला. पण त्या प्रश्नाच्या मागे आडनाव आहे, आडनावामागे गल्ली, गल्लीमागे जात. ज्याचं उत्तर ऐकून समोरचा चेहरा आवळतो, त्याला तो प्रश्न कसा लागतो? विश्रामबागेत फ्लॅट भाड्यानं घ्यायला निघालेल्या मुसलमान जोडप्याला, ज्याचा पत्ता नाव न घेताही महारवाडा सांगून जातो त्या मुलाला, एकटीनं राहणाऱ्या बाईला विचारा. मोठ्या शहरात ही वागणूक नसते असं मी म्हणत नाही. पण तिथे दहा घरं नाकारणारी मिळाली तरी अकरावं उरतं. इथे दहाव्यापर्यंत पोहोचायच्या आत पहिल्यानं दुसऱ्याला फोन केलेला असतो. गाव सोडून पुण्यामुंबईला गेलेल्यांत नोकरीसाठी गेलेले जसे आहेत, तसे आपलं नाव कुणाला माहीत नसावं म्हणून गेलेलेही आहेत. त्यांची नोंद आपण 'करिअर' या सदरात करतो.

आजारपणाचंही तेच. आपल्याकडे डॉक्टरांना तोटा नाही, मिरजेला तर कर्नाटकातून पेशंट येतात. पण मन बिघडलं तर सांगलीचा माणूस कोल्हापूर गाठतो, आणि कोल्हापूरचा गुपचूप मिरजेला येतो. एसटीत दोघं समोरासमोरून जात असतील. डॉक्टरविषयी अविश्वास नसतो, दवाखान्याच्या बाहेरच्या बाकड्याची भीती असते. त्या बाकड्यावर ओळखीचं कुणीतरी बसलेलं असणारच.

आणि तिसरी गोष्ट, जिच्यावर आपण फार कमी बोलतो. भांडण परवडत नाही, हे मी मघाशी गुण म्हणून सांगितलं. तोच गावाच्या कारभारात दोष होऊन बसतो. जामीन राहणं घ्या. आपल्यातल्या किती जणांनी सहकारी पतसंस्थेच्या कर्जाच्या कागदावर दुसऱ्यासाठी सही केली आहे, हात वर करा म्हणत नाही, पण मनात मोजा. कर्ज घेणारा ते फेडेल की नाही याचा विचार करून सही केली का? नाही. तो दारात उभा होता, त्याचा भाऊ आपल्या वर्गात होता, आणि 'नाही' म्हटलं तर उद्या तोंड कसं दाखवायचं म्हणून केली. वसुलीच्या नोटिसा पुढे सगळ्यांना आल्या. ठेवीही अशाच, ओळखीवर ठेवलेल्या. काही संस्था बुडाल्या तेव्हा निवृत्तीची पुंजी गेलेली माणसं मी बघितली आहेत. ती संचालकाच्या घरासमोरून जाताना मान खाली घालायची. ज्यानं बुडवलं तो नाही, ज्याचं बुडालं तो मान खाली घालायचा. कारण संचालक आपल्यातलाच होता, आणि त्याच्यावर बोट ठेवणं म्हणजे गावातली चार नाती तोडणं.

नाल्यांचंही तेच आहे, आणि इथून मला पुराकडे जायचं आहे, कारण सांगलीत राहण्याविषयी बोलायचं आणि पुराविषयी नाही, हे शक्य नाही.

बाहेरच्यांना सांगतो, आमच्याकडे पावसाळ्यात वेळ विचारत नाहीत. 'आयर्विनला किती?' विचारतात. १९२९ सालच्या आयर्विन पुलाशी कृष्णेची पातळी फुटांत मोजली जाते. चाळीस फूट इशारा, पंचेचाळीस धोका. पण ते आकडे सरकारी. गावाचा हिशेब वेगळा आहे. अमुक फुटांना सूर्यवंशी प्लॉट, मग इनामदार प्लॉट, काकानगर, दत्तनगर, कर्नाळ रस्ता, आणि पुढे चढत गेलं की गावभाग, मारुती चौक, पेठा. ज्याचं घर जितक्या फुटांवर, तितका आकडा त्याच्या डोक्यात जन्मभर कोरलेला. दोन अनोळखी सांगलीकर परगावी भेटले तरी ओळख अशी होते: 'पंचावन्नला आमच्याकडे पहिली पायरी.' 'मग तुम्ही बरे, आमच्याकडे माडी.' दुसरा प्रश्न कोयनेचा. कोयना धरण १०५ टीएमसीचं. त्यातून किती क्युसेक सोडलं, चांदोली धरणातून वारणेत किती, आणि खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणानं किती अडवून धरलंय, हे इथे भाजी विकणारी मावशीही सांगते. हरिपूरच्या संगमावर कृष्णा आणि वारणा मिळतात. वारणा तुंबली की कृष्णेला पुढे सरकायला जागा राहत नाही आणि पाणी मागे शहरात फुगतं. हे कुणी भूगोलाच्या पुस्तकातून शिकलेलं नाही.

ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं. २००५ च्या पुरात जे बघितलं त्याच्यापुढे जाणार नाही, असं धरून ज्यांनी सामान पहिल्या मजल्यावर नेऊन ठेवलं होतं, त्यांचा पहिला मजलाही गेला. पाणी चढताना आवाज करत नाही. आधी गटारीच्या झाकणातून बुडबुडे येतात, मग न्हाणीघराच्या मोरीतून, मग उंबऱ्यावरून. नदीकडून येईल म्हणून माणूस पुढच्या दारात बसलेला असतो आणि ते मोरीतून मागच्या घरात शिरतं. दिवसचे दिवस ते हललं नाही. पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला सुटकेची नाव उलटून माणसं गेली, तो दिवस इथे कुणी विसरलेलं नाही.

त्या दिवसांत गाव कसं चाललं? सरकारी यंत्रणा, लष्कराच्या बोटी आल्या, त्यांचं ऋण आहेच. पण त्या येण्याआधी आणि त्या गेल्यावर गाव त्या चार-पाच नात्यांवरच चाललं. मघाशी म्हटलं ते कॅशियर मंडळाच्या पोरांना घेऊन माड्यांवर अडकलेल्यांची यादी करत होते. कुठल्या घरात डायलिसिसचा पेशंट आहे, कुठे बाळंतीण, कुठल्या म्हातारीला ऐकू येत नाही म्हणून दार वाजवून उपयोग नाही, हे त्यांना कुणाला विचारावं लागलं नाही. वर्गणीसाठी दरवर्षी ती दारं वाजवलेली होती. वर्गणीच्या पावतीपुस्तकावरून बचावाची यादी झाली. मोठ्या शहराला ही यादी पैसे देऊनही मिळायची नाही.

आणि त्याच यादीत कोण नव्हतं तेही सांगितलं पाहिजे. ज्याच्याकडे वर्गणी मागायला कुणी जात नाही तो नव्हता. सखल प्लॉटांत भाड्याच्या खोल्यांत राहणारे परप्रांतीय कामगार, नुकतीच आलेली कुटुंबं, तात्पुरत्या शेडमध्ये राहणारे. त्यांच्यापर्यंत मदत पोहोचली, पण शेवटी. कुणी दुष्टपणानं टाळलं नाही. त्यांचं दार कुणाच्या डोक्यातच नव्हतं.

पाणी उतरल्यावर जो चिखल राहतो त्याचा वास मला आजही दुसऱ्या कशाशी ताडता येत नाही. नगर वाचनालयाची हजारो पुस्तकं त्या चिखलात गेली. भिजलेलं पुस्तक फुगतं, शेल्फात घट्ट बसतं आणि ओढून काढावं लागतं. ओढलं की पुठ्ठा हातात येतो आणि पानांचा लगदा आतच राहतो. पेठेत हळद भिजली. हरिपूरला हळद साठवायची जी पेवं होती, चिकणमातीच्या जमिनीत खोल खणलेली, उघडल्यावर आतली कोंडलेली हवा जाऊ दिल्याशिवाय ज्यात कुणी उतरत नसे, त्यांतली पुष्कळशी २००५ च्या पुरातच निकामी झाली होती. वर्षानुवर्षं हळद त्यात कीड न लागता राहायची. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण ती ज्यात ठेवत होते ती पेवं फार थोडी उरली.

आता नाल्यांकडे येतो. पूर ओसरला की आपण सगळे अलमट्टीवर बोलतो. बोलावंच. समित्या बसल्या, अहवाल आले, कोयनेचं वेळापत्रक, अलमट्टीची उंची, यावर तज्ज्ञ अजून वाद घालत आहेत आणि तो वाद खरा आहे. पण अलमट्टी आपल्याला सोयीची का आहे, हेही सांगतो. ती दुसऱ्या राज्यात आहे. तिथल्या कुणाच्या बारशाला आपल्याला जायचं नाही. पाणी मागे यायचं तेव्हा ज्यात पसरायचं ते ओढे, नाले, सखल ओत कुणी बुजवले, निळ्या पूररेषेच्या आत कुणाच्या प्लॉटिंगला कुणी सही दिली, हे या सभागृहात बसलेल्या निम्म्या लोकांना नावानिशी माहीत आहे. मलाही माहीत आहे. आणि मीही आज नाव घेतलेलं नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. 'लिहून देऊ नका, आपलाच माणूस आहे' हे वाक्य महापालिकेच्या पायरीवर तुम्हीही ऐकलं असेल. २०१९ नंतर दोनच वर्षांनी, २०२१ ला, पाणी पुन्हा पन्नास फुटांच्या वर गेलं. त्याच्याशी आपल्या या भिडेचा संबंध नाही, असं मला कुणी पटवून द्यावं.

थोडं मागे जाऊ. हे गाव स्वतःचे निर्णय स्वतः घेत होतं, असा काळ होऊन गेला. संस्थानचा काळ सोडून द्या, तो एका घराण्याचा. पण १९१९ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटीनं विलिंग्डन कॉलेज काढलं, १९४७ साली अभियांत्रिकी कॉलेज उभं राहिलं, ज्याला पुढे वालचंदांचं नाव मिळालं. मग वसंतदादा. १९४३ साली सांगलीच्या तुरुंगातून उडी मारून पळालेला माणूस पुढे साखर कारखाना उभा करतो, सूतगिरण्या, बँका, बाजार समिती यांचं जाळं विणतो, हे एका पिढीनं डोळ्यांनी बघितलं. त्या काळात इथला हुशार मुलगा इथे राहिला तर त्याला करायला काही होतं. त्याच्या सहीला किंमत होती.

आणि याच दादांनी १९८३ मध्ये मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित अभियांत्रिकी कॉलेजांना परवानगी दिली. तालुक्यातालुक्याला इंजिनिअर तयार व्हायला लागले. शेतकऱ्याचा मुलगा इंजिनिअर झाला, हे फार मोठं काम झालं. फक्त त्याला लागणारी नोकरी तालुक्यात तयार झाली नाही. ती पुण्यात झाली. कवलापूरच्या धावपट्टीवर विमान उतरेल, उद्योग येतील, असं ऐकत माझी पिढी म्हातारी झाली. शुक्रवारी रात्री पुण्याहून सुटणाऱ्या आणि रविवारी रात्री इथून परतणाऱ्या खासगी बसगाड्या बघा. सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटरचं ते अंतर आता आपल्या संसाराचाच भाग झालं आहे.

याचा परिणाम विश्रामबागेच्या बंगल्यांत दिसतो. वर मुलासाठी बांधलेली, कुलूप लावलेली खोली. खाली दोघं. मुलगा मोबाइलवर कॅमेऱ्यातून अंगण बघतो आणि दुपारी फोन करतो: 'बाबा, पायऱ्यांवर टोपीशिवाय का बसलात?' जेवणाचा डबा, औषधं, बँकेची कामं, रात्री-अपरात्री दवाखाना, हे कोण बघतं? शेजारची साठीची बाई ऐंशीच्या बाईचं बघते. आपल्या ओळखीच्या जाळ्याला सध्या सगळ्यात जास्त काम हेच आहे.

मला काळजी वाटते ती त्या चार-पाच कामं करणाऱ्या माणसांची. सर गेले तेव्हा वाचनालयाला खजिनदार मिळायला दोन वर्षं लागली, आणि जे मिळाले ते सरांपेक्षा एकाच वर्षानं लहान. हौशी नाटकाला नट मिळतो, अजूनही मिळतो, स्पर्धेला आजही उत्साह असतो. पण तालमीला रोज पुस्तक धरून बसणारा मिळत नाही. मंडळांना पैसा कमी नाही, साउंड सिस्टीमला तर नाहीच नाही, पण पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरायला पोरांना वेळ नाही. वर्गणी आता क्यूआर कोडवर येते. सोयीचं आहे. पण पुढच्या पुरात कुठल्या म्हातारीला ऐकू येत नाही, हे क्यूआर कोडला माहीत नसणार.

२०२० मध्ये टाळेबंदीत बरीच मुलं घरी आली आणि लॅपटॉप उघडून वरच्या कुलपाच्या खोल्यांत बसली. बहुतेक परत गेली. थोडी राहिली. अशांपैकी एक जोडपं माझ्या माहितीत आहे. नवरा इथलाच, बायको विदर्भातली, दोघं घरून काम करतात. तिनं आमच्या उपनगरातल्या एका छोट्या वाचनालयाच्या सभेला यायला सुरुवात केली. पहिल्या सभेत तिला विचारलं गेलं, 'कुणाच्या सूनबाई?' तिनं सासऱ्यांचं नाव न सांगता आपलं सांगितलं आणि पुढे विचारलं, पुस्तकांची यादी संगणकावर कधी होणार. सभेत शांतता. मग कुणीतरी म्हणालं, तुम्हीच करा. तिनं केली. वर्षभरात ती कार्यकारिणीवर आली आणि तिनं वाचनालय दुपारी एक ते चार उघडं ठेवायचा ठराव मांडला. अभ्यासाला बसणाऱ्या मुलांना घरी जागा नाही, त्यांना तीच वेळ हवी, असं तिचं म्हणणं. एका ज्येष्ठ सभासदांनी, पेशानं बालरोगतज्ज्ञ, कडाडून विरोध केला. शिपायाला जेवायला सोडायचं की नाही, पंख्याचं बिल कोण भरणार, आणि चाळीस वर्षांत कुणाची तक्रार नव्हती ती आत्ताच का. तीही मागे हटली नाही. आवाज चढले, ठराव पुढच्या सभेवर ढकलला.

दुसऱ्या दिवशी तिच्या मुलाला ताप भरला. परिसरातला मुलांचा डॉक्टर एकच, आदल्या दिवशी भांडलेला. ती गेली. डॉक्टरांनी मुलाचा घसा बघितला, औषध लिहून दिलं, फी घेतली नाही. आणि प्रिस्क्रिप्शनच्या मागे दुपारच्या तीन तासांच्या विजेचा हिशेब मांडून तिच्या हातात ठेवला, तिचं म्हणणं कसं महागात पडेल हे दाखवायला. तिनं घरी जाऊन तो तपासला. त्यात दोन पंखे जास्त धरले होते. पुढच्या सभेला ती तो कागद घेऊन येणार आहे.